बांबू उतरले की

आषाढ लागला की लालबागच्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी रात्री ट्रक लागतो आणि बांबू उतरतात. चतुर्थीला अजून दीड-दोन महिने असतात, पाऊस कोसळत असतो, तरी सकाळी दुधाची पिशवी घेऊन निघालेला माणूस त्या ढिगापाशी थांबतोच. बांबू किती लांबीचे, लोखंड किती आलंय, पहिला खांब गटाराच्या अलीकडे की पलीकडे, एवढं बघून तो पुढे जातो. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर अंदाज तयार असतो. चौकट वर जाताना पायऱ्यापायऱ्यांनी निमुळती होत असेल तर गोपुर, म्हणजे देऊळ दक्षिणेतलं. बाक घेत आत वळत असेल तर नागर शिखर, म्हणजे उत्तरेकडचं. दोन्ही नसून नुसती उंच सपाट भिंत उठत असेल तर किल्ला किंवा महाल. मंडळाने अजून तोंडातून शब्द काढलेला नसतो. ज्यांनी आयुष्यात वास्तुकलेचं पुस्तक उघडलेलं नाही, ती माणसं नागर आणि द्राविड शैलीतला फरक बांबूवरून सांगत असतात.

जगात इतरत्र ही हौस थीम पार्कच्या वाट्याला येते. कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडलं. तेव्हापासून अशा बागांचा एक खास चाहतावर्ग तयार झालाय. नवा विभाग बांधायला घेतला की ही मंडळी कुंपणाबाहेरून फोटो काढतात, लोखंडी सांगाड्यावरून पाळणा कुठल्या जातीचा ते ओळखतात, रंग फिका की भडक यावर महिनोन् महिने भांडतात. आपल्याकडे गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद पडलं; खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ पासून आहे. तिथे पाळणे मिळाले, पण पाळण्यांवर भांडणारी माणसं काही मिळाली नाहीत. ती सगळी आधीपासूनच लालबाग, परळ, चिंचपोकळी आणि खेतवाडीत गुंतलेली होती. देवाच्या मंडपाला थीम पार्कच्या पंक्तीला बसवलं म्हणून कुणी रागावू नये. ‘थीम’ हा शब्द आता मंडळंच वापरतात. ‘देखावा’ म्हणणारी पिढी निवृत्तीच्या पेन्शनवर आहे, किंवा गिरणीच्या संपानंतर पेन्शनविनाच.

टपरीवरच्या या वादांत एक गोष्ट लवकर ध्यानात येते. नवखा माणूस मंडपाबद्दल बोलतो: रंग, कमान, झुंबर. मुरलेला माणूस रस्त्याबद्दल बोलतो. गल्लीची रुंदी, केबलच्या वायरी, रेल्वेचा पूल, रांगेचं वळण, समुद्राची भरती. बरीच वर्षं ऐकून माझंही मत असं झालंय की इथल्या मंडपाचा आराखडा मंडपात ठरतच नाही. तो बाहेरून येतो.

*

सुरुवात अर्थातच लहान होती. गिरगावात खाडिलकर रोडवरच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला. लोकमान्य टिळक १९०१ मध्ये तिथे येऊन गेले. ती चाळ आजही छोटी शाडूची मूर्ती बसवते. पालखीत मावेल एवढी. तिथे आराखड्याचा वाद नाही, कारण सव्वाशे वर्षं आराखडा बदललेलाच नाही.

गिरणगावाची गोष्ट वेगळी होती. पन्नासहून अधिक गिरण्या, त्यांच्या भोवती चाळी, एकेका खोलीत दहा-पंधरा माणसं पाळीपाळीने झोपणारी, आणि सण साजरा करायला जागा म्हणजे फक्त गल्ली. चिंचपोकळीचं मंडळ १९२० चं, गणेश गल्लीचं १९२८ चं. लालबागच्या राजाचं मंडळ १९३४ चं. त्यामागे नवस होता तो बाजाराचा. पेरू चाळीतला बाजार १९३२ साली बंद झाला, कोळणी आणि भाजीवाले उघड्यावर आले, आणि हक्काची जागा मिळाली तेव्हा त्यांनी तिथे गणपती बसवला. म्हणजे राजाची जागा कुणी देखाव्याच्या सोयीने निवडली नव्हती. बाजार होता तिथे देव आला. आज लाखो माणसं ज्या अरुंद बोळातून सरकतात, तो बोळ मुळात मासळीची टोपली डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बाईच्या मापाचा आहे.

राजा आणि गणेश गल्ली या लालबागच्या दोन शेजाऱ्यांनी पुढे अगदी उलट वाटा धरल्या, आणि इथल्या निम्म्या वादांचं मूळ तिथे आहे.

राजाच्या सुरुवातीच्या दशकांतली छायाचित्रं पाहिली तर मूर्ती दरवर्षी वेगळी दिसते. स्वातंत्र्याच्या आसपास तर राष्ट्रपुरुषांच्या रूपातले गणपतीही झाले. पुढे मात्र एक रूप पक्कं झालं. सिंहासनावर रेलून बसलेला, मान किंचित एका बाजूला, नजर सरळ समोरच्यावर. कांबळी घराण्याने पिढ्यान् पिढ्या ती मूर्ती घडवली आणि रूपाचे हक्कही राखून ठेवले. मूर्ती तीच, म्हणून बदल सगळा मागच्या सजावटीत. कला दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी अनेक वर्षं ती केली. ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला ते गेले. त्या वर्षीच्या चतुर्थीला उघडलेली शिवराज्याभिषेकाची सजावट त्यांच्याच कल्पनेतली होती. सिनेमाचा सेट उभारणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की कळत असते: नट बदलणार नसेल तर पडदा बदलायचा, पण पडद्याने नटाला खाऊन टाकता कामा नये. राजाच्या मागचं नक्षीकाम फार दाटलं की “यंदा राजा हरवलाय” अशी कुरकुर ऐकू येते, ती नेमकी याच मुद्द्यावर असते.

गणेश गल्लीने बदल हाच आपला स्वभाव केला. मूर्ती दरवर्षी नवी, देऊळ किंवा किल्लाही दरवर्षी नवा. २०२२ मध्ये काशी विश्वनाथ, २०२३ मध्ये रायगड, २०२४ मध्ये उज्जैनचा महाकाल, २०२५ मध्ये रामेश्वरम. गल्लीतून बाहेर पडलं की समोर लालबागचा उड्डाणपूल आणि मसाल्याच्या दुकानांतल्या मिरच्यांचा खकाणा. आत वळलं की उज्जैन. या झटक्यासाठीच लोक येतात.

प्रतिकृतीवरचे वाद मात्र मजेशीर असतात. बाहेरचं शिखर हुबेहूब असावं यावर सगळ्यांचं एकमत. आत गेल्यावर अडचण. खऱ्या देवळाचा गाभारा अंधारा, खुजा, दोन-चार माणसांचा. प्रतिकृतीत त्याच गाभाऱ्यात दोन मजली उंचीची मूर्ती बसवायची आणि तिच्यासमोरून अखंड रांग न्यायची. मग गाभारा मोडून सभामंडपाएवढा करावा लागतो, आणि त्या देवळाला जाऊन आलेला एखादा चिकित्सक हमखास म्हणतो, “बाहेरून उज्जैन, आतून लग्नाचा हॉल.” त्यावर उत्तरही ठरलेलं: “तुला अंधार हवा तर उज्जैनला जा.” रामेश्वरमबाबत एक युक्तिवाद मला पटला होता. त्या देवळाची ओळख तिथल्या गोपुराहून अधिक त्याच्या ओसरीची, हजारावर खांबांच्या लांबलचक रांगांची. आणि लालबागची गल्ली म्हणजे आधीच एक लांब ओसरी, दोन्ही बाजूंना इमारतींच्या भिंती असलेली. जागेच्या अंगात जे आहे त्याच्याशी जुळणारं देऊळ निवडलं की अर्धं काम गल्लीच करते.

कोलकात्याने याच खेळात आपल्यापुढे मजल मारलीय. तिथे दुर्गापूजेचे ‘थीम’ मंडप हा कलाकारांचा स्वतंत्र प्रांत झालाय, आणि २०२१ साली युनेस्कोने त्या पूजेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पण त्याच वर्षी श्रीभूमीच्या मंडळाने दुबईच्या बुर्ज खलिफाची प्रतिकृती उभारली, तीवरच्या लेझरचा विमान उतरवणाऱ्या वैमानिकांना त्रास होऊ लागला, आणि लेझरचा खेळ बंद करावा लागला. म्हणजे तिथेही शेवटचा शब्द बाहेरूनच आला, तोही थेट आकाशातून.

*

आता उंचीचा विषय. यावर वाद नाही असं एकही वर्ष जात नाही.

गणेश गल्लीच्या मंडळाने १९७७ साली, सुवर्णमहोत्सवी वर्षात, मूर्तिकार दीनानाथ वेलिंग यांच्याकडून २२ फुटी मूर्ती घडवून घेतली. त्याआधी इतकी उंच मूर्ती मुंबईने पाहिली नव्हती. पुढे खेतवाडीच्या गल्ल्यांनी ही शर्यत आणखी वर नेली. उंची म्हणजे श्रीमंतीचं प्रदर्शन, असं सरसकट म्हणण्याची पद्धत आहे. मला त्यात गल्लीची भूमितीही दिसते. रुंद मैदानात मूर्ती लांबून दिसते, त्यामुळे मध्यम उंचीही पुरते. अरुंद गल्लीत पुढे माणसांची भिंत असते. देव दिसायचा तर तो डोक्यांच्या वरच दिसायला हवा. समजा तुम्ही ३० फुटांवर उभे आहात आणि तुमचे डोळे जमिनीपासून ५ फुटांवर आहेत. २२ फुटी मूर्तीचा मुकुट पाहायला नजर साधारण ३० अंश वर न्यावी लागते. मान न दुखता तेवढी वर जाते. १५ फुटांवर आलात तर तोच कोन ४८ अंशांच्या पुढे जातो, आणि मग चेहऱ्याऐवजी पोट आणि सोंडेचा खालचा भाग दिसू लागतो.

म्हणून उंच मूर्ती घडवणं म्हणजे लहान मूर्ती सरळ मोठी करणं नव्हे. खालून पाहणाऱ्याला वरचा चेहरा लहान वाटतो, म्हणून तो मुळात थोडा ठसठशीत घ्यावा लागतो. नजर किंचित खाली झुकवावी लागते, नाहीतर देव समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याकडे बघतोय असं वाटतं. डिस्नीलँडच्या किल्ल्यात याच्या उलट युक्ती आहे. तो किल्ला जेमतेम ७७ फुटांचा. वर जाताना त्याच्या विटा आणि खिडक्या लहान लहान करत नेल्या आहेत, म्हणजे डोळ्याला तो असतो त्याहून उंच भासावा. तिथे उंची नव्हती आणि ती भासवायची होती. लालबागमध्ये उंची आहे आणि ती लपवून चेहरा जवळ आणायचाय. परळच्या कारखान्यात मूर्तिकार पुन्हा पुन्हा परांचीवरून खाली उतरून, चार पावलं मागे जाऊन, जमिनीवरून वर बघतो ते याच हिशेबाने. डोळ्यांची आखणी तर शेवटी, आणि तेव्हा कारखान्यात कुणी बोलत नाही.

परांचीवर काम करणाऱ्या या जगात विजय खातू हे नाव मोठं. त्यांच्या उंच मूर्तींत हालचाल असे. बसलेला गणपतीही आत्ता उठेल असा. २०१७ च्या जुलैत, ऐन कामाच्या दिवसांत, ते गेले आणि कन्या रेश्मा खातू यांनी अर्धवट राहिलेला कारखाना हाती घेतला. त्या वर्षी परळमध्ये चर्चा एकच होती: चेहरा तोच येईल का? चाहत्यांचं प्रेम असं कठोर असतं.

एका पायावर उभी, धावणारी, नाचणारी मूर्ती हवी असा आग्रह तरुण मंडळींचा. जुनी माणसं बैठ्या मूर्तीच्या बाजूने. हा नुसता आवडीचा प्रश्न नाही. उभ्या मूर्तीचा सगळा भार पायातल्या लोखंडी सांगाड्यातून ट्रॉलीच्या चौकटीत उतरतो. मूर्ती जितकी उंच आणि तळ जितका चिंचोळा, तितका रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा वर मुकुटाशी मोठा होऊन पोहोचतो. बैठी मूर्ती खालून जड असते, खड्डा पचवते. म्हणजे सोंडेचं वळण मूर्तिकार ठरवतो, पण बसायचं की उभं राहायचं यात रस्त्यावरच्या खड्ड्यांचंही मत असतं.

*

परळ आणि लालबागच्या चाळींत वाढलेल्या पन्नाशीपुढच्या कुणालाही विचारा, तो उंचीबद्दल बोलणार नाही. तो चलचित्रांबद्दल बोलेल. पडदा सरकायचा, ध्वनिफितीवरचा भारदस्त आवाज सुरू व्हायचा, शाहिस्तेखान खिडकीतून उडी मारायचा, त्याची बोटं तुटायची, मावळ्यांच्या तलवारी खटक्-खटक् वर-खाली व्हायच्या. आत एक मोटर, तिला पट्टा, पट्ट्यावर लाकडी चाकं, चाकाला आस सोडून बसवलेली खुंटी, खुंटीला सळई, सळईच्या टोकाला मावळ्याचा हात. गिरणीत साचे चालवणाऱ्या फिटरला हे यंत्र नवं नव्हतं. दिवसा कापडाचा साचा, रात्री अफझलखानाचा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या कधी चालल्या नाहीत. महागाई, संप, हुंडा, व्यसन हेही चलचित्रांचे विषय असत. गल्लीने गल्लीशी केलेलं बोलणं होतं ते.

चलचित्रं का गेली? कारागीर गेले म्हणून, पैसा आला म्हणून, टीव्ही आला म्हणून, अशी उत्तरं मिळतात. सगळ्यांत थोडंथोडं तथ्य आहे. मला मात्र वाटतं, त्यांना रांगेने संपवलं. हिशेब करून पाहू. दहा मिनिटांचा प्रयोग, समोर शंभर माणसांची जागा. म्हणजे तासाला फार तर सहाशे. याउलट चालता चालता दर्शन असेल आणि सेकंदाला एक माणूस पुढे सरकला, तर तासाला छत्तीसशे. सहापट. गल्लीतलीच माणसं बघणार होती तोवर सहाशे खूप होते. बदलापूर-विरारहून माणसं येऊ लागली तेव्हा सहाशेचा आकडा म्हणजे नाक्यावर चेंगराचेंगरीला निमंत्रण. गोष्ट सांगणारा देखावा थांबायला लावतो. गर्दीला थांबणं परवडत नाही. मग एका नजरेत संपणारा देखावा आला: भव्य, स्थिर, फोटोत मावणारा. थीम पार्कवाल्यांनाही नव्या पाळण्याबद्दल पहिला प्रश्न हाच असतो, की तासाला किती माणसं?

रांगेची रचना हाच मग मुख्य आराखडा झाला. राजाच्या इथे दोन रांगा: नवसाची, जी पायांपर्यंत नेते, आणि मुखदर्शनाची, जी लांबून चेहरा दाखवून बाहेर काढते. नवसाच्या रांगेत माणसं अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस काढतात. नागमोडी वळणं, वरून ताडपत्री, पंखे, पाणी, मध्येच आडोसा. या वळणांमागे मानसशास्त्र आहे. सरळ रांगेत पुढचा पल्ला दिसतो आणि धीर सुटतो. नागमोडी रांगेत आपल्या शेजारून उलट दिशेने जाणारे चेहरे दिसत राहतात, दर वळणाला काहीतरी उरकल्यासारखं वाटतं. मोठ्या थीम पार्कमध्ये रांगेलाही सजवतात, म्हणजे थांबणं हाच खेळाचा पहिला अंक होतो. आपल्याकडे ते काम रांगेतली माणसंच करतात. शेजारच्या अनोळखी बाईकडून मिळालेली चकली आणि तिच्या सुनेची पूर्ण हकिगत, एवढं एका वळणात सहज होतं. खास पाहुण्यांसाठी बाजूने जाणारी तिसरी वाट असते, तिच्याबद्दल रांगेत काय बोललं जातं ते छापण्याजोगं नाही.

*

गेल्या काही वर्षांत या सगळ्यावर आगमन नावाची नवी गोष्ट चढली. पूर्वी मूर्ती कारखान्यातून गल्लीत यायची ती मध्यरात्री, गुपचूप, चार कार्यकर्ते आणि एक ट्रक. आता चिंचपोकळीच्या चिंतामणीच्या आगमनाला विसर्जनाइतकी गर्दी लोटते, आणि तीही चतुर्थीच्या आधीच्या एखाद्या शनिवार-रविवारी. पाद्यपूजन जून-जुलैतच होऊन गेलेलं असतं. तेव्हा फक्त पाय दिसलेले असतात, आणि पायांच्या ठेवणीवरून बैठक कोणती यावर पैजा लागलेल्या असतात.

आगमनाने मूर्तीचा आराखडाच बदलला, हे फार थोडे लोक बोलतात. मंडपात मूर्ती समोरून दिसते. पाठ भिंतीला, बाजू सजावटीत. रस्त्यावर ती चारी बाजूंनी दिसते, शिवाय गच्चीवरून आणि उड्डाणपुलावरूनही, आणि मागे कुठलाही महाल नसतो. असतात ते सिमेंटचे खांब. तेव्हा पहिलं दर्शन झेलण्याइतकी मूर्ती स्वतःच्या बळावर उभी राहायला हवी. म्हणून प्रभावळ मूर्तीबरोबर येऊ लागली, पितांबराच्या मागच्या निऱ्या नीट पडू लागल्या, पाठीवरचे दागिने रंगू लागले. राजाला मात्र हा प्रश्न नाही. त्याच्या आगमनाची मिरवणूक निघतच नाही.

प्रभावळ आली म्हणजे उंची आणखी वाढली, आणि इथे पुन्हा वायरी. मिरवणुकीच्या पुढे लांब बांबू घेतलेली चार-सहा मुलं असतात. बांबूच्या टोकाला आडवी फळी. तिने केबलच्या वायरी उचलून धरायच्या आणि मूर्ती खालून जाऊ द्यायची. ही मुलं कुठल्याही फोटोत नसतात. मुकुटाचं वरचं टोक आणि प्रभावळ सुटी करता येईल अशी ठेवण्याची पद्धत त्यांच्याच त्रासातून आली असावी. पुलांचं तर आणखी कडक. चिंचपोकळी आणि करी रोडचे रेल्वेवरचे पूल जुने; त्यांवर एका वेळी १६ टनांपेक्षा जास्त भार नको, पुलावर थांबू नका, नाचू नका, असं महापालिका दरवर्षी बजावते. १६ टन म्हणजे मूर्ती, ट्रॉली आणि माणसं मिळून. बेंजोच्या तालात बेभान झालेली माणसं पुलाच्या तोंडाशी अचानक शहाण्यासारखी चालू लागतात आणि पलीकडे उतरताच पुन्हा नाचू लागतात, हे दृश्य पाहण्यासारखं असतं.

मालमसाल्याचा वादही रस्त्यावरूनच आत आला. थर्माकोल २०१८ मध्ये गेलं. मखरांपुरती सूट द्या ही मागणी उच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळली. मंडपांनी प्लायवूड, कापड, कागदाचा लगदा, फायबर यांची वाट धरली. प्लास्टर ऑफ पॅरिसचं मात्र इतक्या सहज सुटलं नाही. जिप्समचा खडक सुमारे दीडशे अंशांना भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून हे प्लास्टर होतं. पाणी घातलं की काही मिनिटांत पुन्हा खडक. काथ्या घालून ते पोकळ पण मजबूत ओतता येतं, म्हणून २० फुटी मूर्ती शक्य होते. शाडू जड, सुकायला मंद, तडकणारा. दोन-चार फुटांपुढे त्याचा भरवसा नाही. पण तेच प्लास्टर पाण्यात विरघळतं लिटरला जेमतेम दोन ग्रॅम, म्हणून ते समुद्रकिनारी हातापायांच्या तुकड्यांनी परत येतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत त्यावर बंदी आणली. ३० जानेवारी २०२५ ला उच्च न्यायालयाने तिची कडक अंमलबजावणी करायला सांगितलं, आणि माघी गणेशोत्सवातल्या चारकोपसारख्या ठिकाणच्या मूर्ती विसर्जनाविना झाकून ठेवाव्या लागल्या, तब्बल सहा महिने. जूनमध्ये मूर्ती बनवायला मोकळीक मिळाली. २४ जुलैला सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावात आणि त्याहून उंच मूर्ती समुद्रात, अशी मार्च २०२६ पर्यंतच्या सणांपुरती वाट निघाली. या सहा महिन्यांत परळच्या कारखान्यांत रासायनिक विद्राव्यतेवर जेवढी चर्चा झाली तेवढी एखाद्या महाविद्यालयात होत नसेल. कुणी कागदाच्या लगद्याच्या बाजूचे, कुणी मूर्ती कायम ठेवून लहान पूजामूर्ती विसर्जित करण्याच्या बाजूचे. या दुसऱ्या सूचनेवर एका वृद्ध कार्यकर्त्याने काढलेला सूर मला आठवतो: “जो जाणार नाही त्याला निरोप काय द्यायचा?”

करोनाच्या दोन वर्षांनी या प्रश्नाची चव दाखवली होती. २०२० आणि २०२१ मध्ये सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा होती. २०२० साली लालबागच्या राजाने मूर्तीच बसवली नाही, त्याऐवजी रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. रिकामी गल्ली बघायला काही माणसं तरीही आली होती.

*

राजाच्या परतीच्या वाटेवर आराखड्याची शेवटची परीक्षा असते. भारतमाता, साने गुरुजी मार्ग, भायखळा, जिथे अग्निशमन दलाच्या गाड्या भोंगे वाजवून सलामी देतात. मग नागपाडा, दोन टाकी, सुतार गल्ली, माधवबाग, सी. पी. टँक, व्ही. पी. रोड, ऑपेरा हाऊस. सकाळी निघालेला राजा गिरगाव चौपाटीला लागतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. वाळूवरून तराफ्यावर, तराफ्यावरून खोल पाण्यात.

२०२५ मध्ये इथे नवा, यंत्रावर चालणारा तराफा होता. ६ सप्टेंबरला, शनिवारी, राजा निघाला. रविवारी सकाळी चौपाटीवर पोहोचला तेव्हा पाणी चढत होतं. मूर्ती तराफ्यावर चढेना. दुपारभर राजा पाण्यात उभा राहिला, पाणी उतरल्यावर पुन्हा प्रयत्न झाले, आणि विसर्जन झालं ते रात्री नऊच्या सुमारास. त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, त्यामुळे बोलणाऱ्यांना आणखी एक विषय मिळाला. पुढचे कित्येक दिवस लालबागमध्ये तराफ्याशिवाय चर्चा नव्हती: पाया रुंद हवा होता, मोटरी कशाला, कोळ्यांना विचारायला हवं होतं.

कोळ्यांचा हिशेब पावकी-निमकीच्या काळातला आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चौथीला तीन, अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा, पुनवेला सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरायचा. विसर्जन तिथीला बांधलेलं आणि भरतीही तिथीला बांधलेली. त्यामुळे अनंत चतुर्दशी सप्टेंबरच्या सुरुवातीला येवो की शेवटी, चौपाटीवरचं पाणी जवळपास त्याच वेळी चढतं आणि पुनव जवळ म्हणून उधाणाचंच चढतं. पुनवेच्या पहाटे ओहोटी, पाचच्या आसपास पाणी वळतं. त्यानंतर पोहोचणाऱ्याला चढत्या पाण्याशी गाठ.

२०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून चतुर्थी लांबली, १४ सप्टेंबरला आली. अनंत चतुर्दशी २५ तारखेला. टपरीवर यंदाच्या सजावटीचे अंदाज निघतील तेव्हा निघतील. लालबागच्या मसाला गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एका माणसाने मात्र बोटांच्या पेरांवर चौदाची पाऊणपट केली, मग पंधराची केली, आणि शेजाऱ्याला म्हणाला, “भायखळ्याला रात्री दहाच्या आत पोचायला हवं.”